कात्री ठीक आहे हो, पण तिला जागा सापडते कशी?

जांभळं_टोपण

नमस्कार मंडळी. प्रश्न जीन एडिटिंगच्या कात्रीबद्दल आहे, म्हणजे डीएनए कापणारं ते कॅस-९ नावाचं एन्झाइम. आधी मी कोण ते सांगते, म्हणजे उत्तर कुठून सुरू करायचं ते तुम्हाला कळेल. नागपुरातल्या एका सरकारी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे, १९ वर्षं झाली. सकाळी आठपासून समोर जांभळ्या टोपणाच्या नळ्यांची रांग, म्हणून इथलं नाव तसं. सिकलसेलची सोल्युबिलिटी आमच्याकडे रोजचीच. डायथायोनाइटच्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकायचा, पाच मिनिटं थांबायचं, नळीमागे रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा गायब झाल्या तर पॉझिटिव्ह, मग वाहक की रुग्ण हे ठरवायला इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे करंट देऊन हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणं.

मी स्वतः वाहक, एएस. धाकटा भाऊ एसएस, म्हणजे रुग्ण. मे महिन्यात पारा ४५ वर चढला की आमच्या घरी त्याने किती ग्लास पाणी प्यायलं याचीच मोजदाद चालते. तरी उन्हाळ्यात एखादी रात्र ऑटोत जातेच, तो दुखण्याने वाकडा झालेला अन् मी पाठीवर हात फिरवून राहिलेली. त्यामुळे 'जीन एडिटिंग' एवढे दोन शब्द कुठं दिसले की मी थांबून वाचते.

मागच्या महिन्यात एका कॉलेजात व्याख्यान होतं, ड्यूटी संपवून गेले. पडद्यावर चित्रफीत लावली. काळ्या पार्श्वभूमीवर डीएनएची वळलेली शिडी, डावीकडून एक निळा गोळा तरंगत येतो, बरोब्बर एका जागी बसतो, कच्च. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात वर केला. म्हटलं सर, त्याला कसं कळलं की इथंच बसायचं? सर म्हणाले, सोबत गाइड आरएनए असतो ना, तो नेतो, जीपीएससारखा.

घरी येताना बसमध्ये माझं डोकं तिथेच अडकलं. जीपीएसला वर उपग्रह लागतात, खाली नकाशा लागतो. पेशीत नकाशा घेऊन कोण बसलंय? माझा रोजचा अनुभव असा की रेणूला काही कळत नसतं. करंट दिला नाही तर हिमोग्लोबिन जिथे लावलं तिथेच पसरत बसतं, दिला तर सगळं मुकाट्याने एका बाजूला सरकतं, सिकलचं एस थोडं मागे राहतं एवढंच. 'शोधणं' नावाचा प्रकार १९ वर्षांत मला तरी कोणत्या नळीत दिसला नाही. आणि शोधायचं तरी किती? माणसाच्या डीएनएत ३२० कोटी अक्षरांच्या जोड्या. सगळ्या वाचतं का ते? मग वेळ किती लागत असेल? आणि कापतं म्हणजे नेमकं कशाने कापतं, पातं तर नाही तिथे.

भाचा अकरावी सायन्सला आहे, त्याला विचारलं. म्हणाला, मावशी, एवढं परीक्षेत येत नाही. म्हणून इथं विचारून राहिले.


बर्डीचा_भाऊ

ताई, सोपं आहे. एन्झाइम डीएनएच्या एका टोकाला चढतं आणि रेल्वेच्या गँगमनसारखं रूळ तपासत पुढे जातं. त्यासाठी एटीपी, म्हणजे पेशीतलं इंधन, जाळतं. नंबर जुळला की थांबतं, कापतं. बारावीत डीएनए पॉलिमरेज, डीएनएची नक्कल करणारं एन्झाइम, असंच चालतं म्हणून शिकलो होतो.


पिपेट_१०

भाऊ, पॉलिमरेज धाग्यावरून पुढे सरकतं एवढं बरोबर, पण ते कॅस-९ ला लावू नका. कॅस-९ टोकाला चढत नाही, रूळ धरून चालत नाही, आणि शोधायला किंवा कापायला एटीपीचा एक रेणूही जाळत नाही.

ताई, तुमची शंका फार नेमकी आहे. नळीत शोधणं दिसलं नाही म्हणता, कारण पेशीतही कोणी शोधत नाही. आजूबाजूच्या पाण्याच्या रेणूंचे धक्के खात कॅस-९ भिरभिरत असतं. डीएनएवर आपटतं, सुटतं, दुसरीकडे आपटतं. त्याची सगळी हुशारी चुकीची जागा झटकन सोडून देण्यात आहे.

मी इथूनच एमएस्सी केलं, नंतर आठ वर्षं बाहेरच्या एका लॅबमध्ये हेच एन्झाइम हाताळलं, आता परत नागपुरात आहे. पोरांना सांगताना मी पत्रिकांचं उदाहरण देतो. मानेवाडा, हुडकेश्वरकडच्या ले-आऊटमध्ये लग्नाच्या पत्रिका वाटल्यात कधी? प्लॉट नंबर ४७ च्या शेजारी ११२, त्याच्या समोर ९. कोणाला विचारावं तर तोही गेल्या महिन्यात राहायला आलेला. मामांना पाहुण्यांचं पूर्ण नाव पाठ आहे आणि एकच खूण माहीत आहे: गेटवर दोन पितळी सिंह. मामा प्रत्येक घराची बेल वाजवत बसले तर लग्न होऊन जाईल. ते स्कूटरवरूनच फक्त सिंह बघतात. नाहीत? पुढे. आहेत? मग उतरायचं, बेल, आडनाव विचारायचं. आडनाव चुकलं की परत स्कूटर. आडनाव जुळलं तर नाव, मग वडिलांचं नाव, आणि सगळं जुळलं तरच पिशवीतून पत्रिका बाहेर.

ते दोन सिंह म्हणजे डीएनएवरची लागोपाठ दोन 'जी' अक्षरं. स्ट्रेप्टोकॉकस पायोजीन्स या जिवाणूचं कॅस-९, जे सगळ्यात जास्त वापरलं जातं, ते आधी फक्त हे बघतं: कोणतंही एक अक्षर, मग जी, जी. या खुणेला पॅम म्हणतात. गंमत अशी की हे बघायला गाइड आरएनएची अक्षरं लागतच नाहीत. प्रथिनाची स्वतःची दोन बोटं आहेत म्हणा ना, १३३३ आणि १३३५ क्रमांकाची आर्जिनिन नावाची अमिनो आम्लं, ती डीएनएच्या खाचेत शिरून बाहेरूनच हे दोन जी चाचपतात. शिडी उघडावी लागत नाही. म्हणून काम पटकन होतं. तुमच्या व्याख्यात्यांनी जीपीएस म्हटलं तिथे हेच सुटलं: दार आधी प्रथिन निवडतं, आरएनए नंतर बोलतो.

जीजी सापडलं की त्याला लागून असलेली शिडी तेवढीच किंचित उकलते. आता गाइड आरएनएमधली २० अक्षरं कामाला लागतात, पण २० एकदम नाही. जीजीच्या बाजूचं पहिलं अक्षर जुळतं का? जुळलं तर दुसरं. बॅगेच्या चेनसारखं. डीएनएचे दोन धागे एकमेकांपासून सुटत जातात आणि त्यातल्या एकावर आरएनए चिकटत जातो. जेवढी जुनी जोडी तुटते तेवढी नवी जमते, म्हणून वरून ऊर्जा घालावी लागत नाही. सुरुवातीच्या दहा-बारा दातांत एक जरी वाकडा निघाला तर चेन बहुधा मागे सरकते, शिडी मिटते, एन्झाइम सुटून जातं. या पहिल्या भागाला बीज म्हणतात. पलीकडच्या टोकाला एखादं अक्षर चुकलं तर मात्र कधीकधी चालून जातं. चुकीच्या जागी कापलं गेलं असं ऐकता ना, त्याचं एक मोठं कारण हे.

ही मनाने रचलेली गोष्ट नाही. २०१४ मध्ये अमेरिकेत डीएनएचे धागे पडद्याच्या दोऱ्यांसारखे ताणून लावून त्यावर चमकतं कॅस-९ सोडलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. ते धाग्यावरून चालत आलं नाही, कुठेही येऊन बसलं आणि उठून गेलं. पुढच्या प्रयोगांत दिसलं की अगदी शेजारच्या दोन-चार दारांपर्यंत थोडंफार घसरतं, बस. आणि वेळेचं विचारता तर २०१७ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या लोकांनी ते जिवंत ई. कोलाय जिवाणूत मोजलं. एका खुणेपाशी ते ३० मिलिसेकंदांपेक्षाही कमी थांबतं. आणि एकट्या रेणूला आपली खरी जागा सापडायला लागतात सुमारे ६ तास! तुमच्या त्या चित्रफितीत निळा गोळा दोन सेकंदांत आला होता. खरी चित्रफीत लावली असती तर लोक जेवून परत आले असते. लॅबमध्ये आम्ही ते रेणू एकेकटे सोडत नाही, एका पेशीत हजारोंनी घालतो. म्हणून भागतं.

आता पातं. ताई, तुमच्या टोपणातच उत्तर आहे. तुमच्या नळीत ईडीटीए असतं, ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं म्हणून रक्त गोठत नाही. तेच ईडीटीए मॅग्नेशियमही धरतं. एमएस्सीच्या पहिल्या वर्षी आम्हाला प्रॅक्टिकल होतं, लॅम्डा विषाणूचा डीएनए हिंडथ्री एन्झाइमने कापायचा. तो डीएनए ४८,५०२ जोड्यांचा, हिंडथ्री त्याला ७ ठिकाणी कापतं, जेलवर तुकड्यांची शिडी दिसायला हवी. सगळ्यांची दिसली. माझ्या खणात वरच्या बाजूला एकच जाड नारिंगी पट्टा, जसा घातला तसा. सरांनी पिपेट हातातून घेतलं, माझ्या समोरच्या बाटल्या बघितल्या आणि हसायला लागले. पाण्याच्या जागी मी शेजारची ईडीटीएची बाटली वापरली होती. एन्झाइम ताजं होतं, डीएनए चांगला होता, खुणेची जागाही होती. मॅग्नेशियम ईडीटीएने पळवलं होतं.

कारण खरं कापणारं पाणी असतं. डीएनएच्या कण्यात साखर-फॉस्फेट-साखर अशी साखळी. मॅग्नेशियमच्या मदतीने एन्झाइम पाण्याच्या एका रेणूला असा उचकवतं की तो फॉस्फेटवर तुटून पडतो आणि बंध सुटतो. कॅस-९ मध्ये अशा दोन जागा आहेत. एचएनएच नावाचा भाग आरएनए चिकटलेला धागा तोडतो, रुव्हसी नावाचा दुसरा मोकळा धागा. चेन जवळजवळ शेवटपर्यंत लागल्याशिवाय एचएनएच वळून जागेवर येतच नाही, म्हणजे पिशवीतून पत्रिका बाहेर काढायच्या आधीची शेवटची चौकशी. घाव पडतो जीजीच्या खुणेपासून तीन अक्षरं आत, दोन्ही धाग्यांवर साधारण समोरासमोर.

आणि कापून झाल्यावर? उठून जात नाही. तिथेच दोन्ही टोकं धरून तासनतास बसतं. पेशीतली दुसरी यंत्रणा येऊन ढकलते तेव्हा हलतं. कापड कापून झाल्यावर कापडालाच चावून बसणारी कात्री मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही, म्हणून कात्री हा शब्द मला फारसा पटत नाही. पण पेपरवाल्यांना कोण सांगणार.


हिशोबनीस

जीवशास्त्र माझा प्रांत नाही, ३१ वर्षं गणित शिकवलं. पण वरचे आकडे बघून राहवलं नाही.

चार अक्षरांतून लागोपाठ दोन जी येण्याची शक्यता १६ त १. दोन्ही धागे धरले तर सरासरी दर ८ जोड्यांमागे एक खूण. ई. कोलायच्या डीएनएत साधारण ४६ लाख जोड्या, म्हणजे पावणेसहा लाख खुणा. प्रत्येकीपाशी ३० मिलिसेकंद धरा: १७,२५० सेकंद, पावणेपाच तास. पिपेटसाहेबांनी सांगितलेले ६ तास अगदी हाकेच्या अंतरावर आले की! आपटून-सुटून जाण्यात काही दारं पुन्हा पुन्हा लागणार, वाटेतही वेळ जाणार, तेव्हा हे बसतं.

माणसाचं बघू. ३२० कोटी भागिले ८, ४० कोटी दारं. एकट्या मामांचे याच वेगाने १३८ दिवस. हजारो मामा का सोडतात ते कळलं.

दुसरा हिशोब. २० अक्षरांचे शब्द किती बनतात? चाराचा विसावा घात, १.१ लाख कोटी. दोन्ही धागे मिळून माणसात वाचायच्या जागा ६४० कोटी. म्हणजे २० च्या २० अक्षरं योगायोगाने दुसरीकडे कुठे जुळण्याची शक्यता पावणेदोनशेत १ च्या आसपास. छान. पण बीजातली फक्त १० अक्षरं आणि जीजी एवढंच जुळायचं असेल तर? चाराचा बारावा घात १.६८ कोटी, ६४० कोटींत तो ३८० वेळा सापडतो. एवढ्या दारांवर मामा बेल वाजवून आडनावापर्यंत पोचणार आणि मग नावावर अडणार. अर्थात डीएनए काही फासे टाकून लिहिलेला नाही, त्यात पुनरुक्ती भरपूर, तेव्हा हे आकडे अंदाजाचेच.

हिंडथ्रीचा शब्द ६ अक्षरांचा, नाही का? ४,०९६ त एकदा. लॅम्डात १२ वेळा यायला हवा, तुम्ही ७ म्हणता. बघा, फासे नाहीत.


काटोलकर

चर्चा वाचून राहिलो. आपली संत्र्याची बाग, ६०० झाडं. सरळ विचारतो, ही बीटी कापसासारखीच भानगड काय? त्यातही जीन, यातही जीन.


पिपेट_१०

काटोलकर भाऊ, फरक आहे. बीटी कापसात बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचं जीन बाहेरून आणून बसवलं, २००२ मध्ये आपल्याकडे त्याला परवानगी मिळाली. इथे निदान साध्या प्रकारात बाहेरचं काही ठेवायचं नसतं. फक्त कापायचं. झाडाची पेशी तो तुटलेला भाग घाईघाईने सांधते आणि सांधताना एखाद-दोन अक्षरं गाळते किंवा घुसडते. ते जीन बंद पडतं. ४ मे २०२५ ला दिल्लीत अशा भाताच्या दोन वाणांची घोषणा झाली, सांबा महसुरीवरून केलेला डीआरआर धान १०० म्हणजे कमला, आणि एमटीयू १०१० वरून केलेला पुसा डीएसटी राइस १. अशा झाडांना जीएमच्या, म्हणजे जनुक बदललेल्या पिकांच्या, काही नियमांतून केंद्राने मार्च २०२२ मध्येच सूट दिली आहे.

संत्र्याचं गाडं मात्र अडतं आणि का ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं समजेल. भातात कॅस-९ चं जीन तात्पुरतं घालतात, काम झालं की पुढच्या पिढीत ते नसलेली रोपं निवडून घेतात. कलमाच्या खुंटासाठी तुमच्या जंबेरीच्या बिया पेरल्या की रोपं एकसारखी निघतात ना? कारण बहुतेक रोपं आईच्याच पेशींतून येतात, परागाचा संबंध नाही. नागपुरी संत्र्याचंही तेच. पुढच्या पिढीत वेगळं काही निघतच नाही, मग निवडणार काय? वर फळ यायला पाच वर्षं. त्यामुळे जीन न घालता थेट एन्झाइम आणि आरएनएच पेशीत सोडायचे, ते काम करून विरघळून जातील, या वाटेने लोक प्रयत्न करतात. अमेरिकेत आणि चीनमध्ये कँकर, म्हणजे आपल्याकडचा खैऱ्या, त्याला कमी बळी पडणारी ग्रेपफ्रूट आणि संत्र्याची झाडं प्रयोगात तयार झाली आहेत.


काटोलकर

पाच वर्षं म्हणता म्हणजे तोवर ही बाग डिंक्या रोगाने जाते की राहते तेच पाहतो. समजलं पण. धन्यवाद.


जांभळं_टोपण

काल डबल ड्यूटी होती, आत्ता सगळं नीट वाचलं. ईडीटीएचं वाचून मी लॅबमध्ये एकटीच हसले. १९ वर्षं ज्या टोपणाला हात लावते त्याच्या आतलंच माझं उत्तर होतं.

पण मामांबद्दल तक्रार आहे. मामांना डोळे आहेत आणि ते एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत रस्त्याने जातात. तुमचं एन्झाइम तर रस्त्यानेही जात नाही. मला वाटतं डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या मामांना कोणीतरी उचलून कुठल्याही फाटकावर फेकून राहिलंय, आणि ते हाताने चाचपून सिंह लागतात का बघतात. बिचारे मामा.

दोन गोष्टी अजून. एक, हे मुळात जिवाणूचं हत्यार आहे असं वाचलं. विषाणूची अक्षरं जिवाणू स्वतःच्याच डीएनएत साठवून ठेवतो म्हणे. मग गाइड तिथेच जुळायला हवा. स्वतःलाच का कापत नाही? दुसरी, माझ्या मतलबाची. भावाच्या डीएनएत एकच अक्षर चुकलंय. औषध तिथेच कापतं का?


पिपेट_१०

पट्टी बांधलेले मामा एकदम मान्य. आजपासून वर्गात तुमचंच सांगणार.

पहिल्याचं उत्तर तुमच्या मामांकडेच आहे. जिवाणूने साठवलेल्या प्रतीच्या दारावर सिंह नसतात. विषाणूच्या डीएनएत ती २० अक्षरं जिथे असतात तिथे त्यांना लागून जीजी असतं. प्रत उतरवून घेताना जिवाणू ते जीजी घेत नाही. त्याच्या संग्रहात प्रत्येक प्रतीनंतर ठरावीक पालुपद येतं, ते सुरू होतं जीटीटीने. जीजी नाही, तर बोटं तिथे अडकतच नाहीत, चेन उघडतच नाही. शब्द शंभर टक्के जुळत असूनही. विषाणू आणि स्वतः यांतला फरक या दोन अक्षरांवर टिकलेला आहे. भाच्याला सांगा, हे पालुपद पहिल्यांदा दिसलं १९८७ मध्ये जपानमध्ये, तेव्हा कशासाठी आहे हे कोणाला कळलं नव्हतं. विषाणूपासून संरक्षण म्हणून ते खरोखर चालतं हे २००७ मध्ये सिद्ध झालं ते दही-योगर्टच्या विरजणातल्या जिवाणूवर. २०१२ मध्ये शार्पांतिये आणि डाउडना यांनी दाखवलं की आरएनए आपल्याला हवा तो लिहून देता येतो, २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांचं.

दुसरं. नाही, २०२३ च्या शेवटी आधी ब्रिटनने आणि मग अमेरिकेने मान्यता दिलेलं कॅसजेव्ही हे औषध सिकलच्या अक्षराला हातच लावत नाही. ते बीसीएल११ए नावाच्या वेगळ्याच जीनचं बटण तोडतं, तेही फक्त लाल रक्तपेशी घडवणाऱ्या पेशींत चालणारं बटण. बीसीएल११ए जन्मानंतर गर्भातलं हिमोग्लोबिन बंद पाडतं. तेच ढिलं पडलं की ते गर्भातलं एफ हिमोग्लोबिन परत बनायला लागतं, आणि एफ जास्त असलं की पेशीला वाकडं करणाऱ्या एस हिमोग्लोबिनच्या काड्या सहज जमत नाहीत. तुमचा भाऊ सिकलचं नेहमीचं औषध हायड्रॉक्सियुरिया घेत असेल तर त्यामागेही बरंचसं हेच एफ वाढवणं आहे. चुकलेलं अक्षर नेमकं दुरुस्त करायला पेशीने सांधताना नमुना बघून सांधावं लागतं, आणि पेशीला तेवढा धीर फार कमी वेळा असतो. बटण तोडायला वेंधळी सांधणी पुरते.

खोटी आशा नको म्हणून हेही लिहितो: रुग्णाच्या मूळ पेशी बाहेर काढायच्या, त्यांच्यात कॅस-९ घालायचं, त्या तयार झाल्या की जड केमोने हाडांतला मगज रिकामा करायचा, मग पेशी परत सोडायच्या. अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर, तेव्हाच्या भावाने १८ कोटी रुपयांच्या वर. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संशोधन संस्थेत तयार झालेली बिरसा १०१ ही उपचारपद्धती नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाली आहे, तिच्यावर लक्ष ठेवा. पण आपल्या वॉर्डात उद्या येईल असं भावाला सांगू नका.

एक तुमच्यासाठी खास. सिकलचं ते एक अक्षर कापणाऱ्या एन्झाइमने पूर्वीच पकडलं आहे. एमएसटी-टू नावाचं हिंडथ्रीसारखंच एक एन्झाइम असतं, त्याला सी-सी-टी, कोणतंही एक, मग ए-जी-जी असा शब्द लागतो. सामान्य जीनमध्ये तिथे सी-सी-टी-जी-ए-जी-जी असतं, कापतं. सिकलमध्ये ए च्या जागी टी, शब्द मोडला, कापत नाही. जेलवर एक तुकडा लांब राहतो. १९८२ पासून यावरून गर्भाचं निदान करता यायला लागलं. तुमच्या रेघांच्या कागदाचं मोठं भावंडच म्हणा.


जांभळं_टोपण

ए च्या जागी टी. रोज रिपोर्टवर एस लिहिते, त्याच्यामागे एवढंसं अक्षर.

रात्री जेवणं झाल्यावर प्रयोग केला. घरी ईसीजीच्या कागदाचा एक जुना, वाया गेलेला रोल पडून होता. भाच्याला बसवलं आणि त्यावर मनाला येईल तशी ए, टी, जी, सी लिहायला लावली, साताठशे अक्षरं. हाताने लिहिताना माणूस सारखं अक्षर लागोपाठ टाकायला बिचकतो, म्हणून शेवटी चार चिठ्ठ्या करून उचलल्या. मग त्याचे डोळे ओढणीने बांधले, रोल सतरंजीवर वेडावाकडा पसरला आणि म्हटलं ठेव बोट. बोटाखाली जीजी किंवा सीसी (म्हणजे समोरच्या धाग्यावर जीजी) आलं तरच पुढची अक्षरं वाचायची. ४० वेळा बोट ठेवलं, ६ वेळा खूण लागली. हिशोबनीस सर, तुमचे ८ त १ म्हणजे ५ यायला हवे होते ना? त्या ६ पैकी चार पहिल्याच अक्षराला गळाले, एक दुसऱ्याला, एक तिसऱ्याला.

भाचा कंटाळला. म्हणाला, मावशी, हे कधी जुळणार?

भाऊ खाटेवर पडून सगळं बघत होता. दोन दिवसांपासून गुडघे धरलेत त्याचे. म्हणाला, आण इकडे, माझे डोळे बांध. पावणेबारा वाजेपर्यंत आम्ही ५२ व्या बोटापर्यंत पोचलो होतो. रोल गुंडाळून कपाटावर ठेवलाय, आज ड्यूटीवरून आले की पुढे.